जरा हवा जास्त होती

बाईंना राग येत नाही, अशी त्यांची ख्याती होती. ड्रायव्हिंग स्कूल चालवणाऱ्या माणसाला राग परवडतच नाही. शिकणारा ब्रेक समजून अ‍ॅक्सिलरेटर दाबतो, उजवीकडचा दिवा लावून डावीकडे वळतो, भर चौकात गाडी बंद पाडून वर बाईंकडेच पाहतो, जणू त्यांनीच पाडली. बाई शेजारच्या सीटवरून एवढंच म्हणायच्या, "हं. चला, पुन्हा एकदा करू." पुन्हा म्हणजे दहादा, पण आवाज चढायचा नाही.

रविवारी मात्र जुन्या धावपट्टीवर याच बाईंचं डोकं सकाळी नाश्त्याच्या आधीच तापायचं. कारण तिथे शिकणारं कुणी नव्हतं. तिथे सगळे शिकवणारे.

धावपट्टीवर पाव मैलाची शर्यत व्हायची. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहायच्या, खांबावरचे दिवे पिवळे होत होत हिरवे व्हायचे, आणि मग ज्याची त्याची गाडी आणि ज्याचं त्याचं नशीब. बाईंची गाडी म्हणजे शाळेचीच जुनी, बुटकी, पांढरी गाडी. अर्धं गाव तिच्यावर गाडी चालवायला शिकलं होतं. बाईंनी मागची सीट काढली, दारांच्या आतले पत्रे काढले, इंजिनाला टर्बो बसवला, मागच्या स्प्रिंगा कडक केल्या. स्प्रिंगा कशाला, ते समजायला सोपं आहे. या गाडीची पुढची चाकं ओढतात, मागची नुसती फरफटत येतात. गाडीने झेप घेतली की नाक वर उठतं, भार मागे जातो, आणि ज्या चाकांनी ओढायचं तीच हलकी होऊन जागच्या जागी गरगरतात. धूर भरपूर निघतो, गाडी तिथेच. म्हणून मागची बाजू ताठ ठेवायची आणि पुढच्या टायरांत हवा कमी, म्हणजे रबर जमिनीला चिकटून बसतं. किती कमी, यावर धावपट्टीवर जितकी डोकी तितकी मतं होती.

मोसमाचा शेवटचा रविवार होता. बाईंचा जीव टांगणीला लागला होता तो एका कबुलीमुळे. शाळेची दुसरी गाडी थकली होती, शिकणारे ताटकळत होते. यजमान म्हणाले होते, "या मोसमात तेरा सेकंदांच्या आत आली तर गाडी तुझी, मी दुसरी सोय बघतो. नाही आली तर टर्बो काढायचा, सीट बसवायची, आणि गाडी परत शाळेत." बाई म्हणाल्या होत्या, "कबूल." तेव्हा मोसम लांबलचक वाटत होता.

आता उरल्या होत्या तीन फेऱ्या.

पहिल्या फेरीआधी बाईंनी पुढच्या टायरांची हवा स्वतः मोजली, स्वतः ठरवली, आणि कुणालाही जवळ येऊ न देता गाडी खांबाशी नेली. दिवा हिरवा झाला. चाकं क्षणभर घसरली, मग पकडली, आणि गाडी सुटली. शेवटच्या फलकावर आकडा आला, तेराच्या किंचित वर. अगदी हाताशी आलेला आकडा. क्षणभराचं ते घसरणं टाळलं की काम झालं.

बाई परत आल्या, हेल्मेट काढलं, आणि आयुष्यात करू नये ती चूक केली. मोठ्याने बोलल्या.

"जरा हवा जास्त होती."

एवढंच. मग त्या वन्संना घेऊन चहाला गेल्या. वन्सं म्हणजे यजमानांची मोठी बहीण. गाड्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण एक रविवार चुकवायच्या नाहीत. टपरीशी पोचल्यावर त्यांना आठवलं, "अगं, माझा चष्मा गाडीत राहिला," आणि त्या परत जाऊन चष्मा घेऊन आल्या.

दुसऱ्या फेरीला बाई बसल्या तेव्हाच गाडी जराशी नाक मुरडून उभी असल्यासारखी वाटली. पण खांबापाशी उभा असलेला माणूस हात करत होता, मागे रांग खोळंबली होती. मनाशी म्हणाल्या, टायर तापलेत, तेवढं चालायचंच. दिवा हिरवा झाला. गाडी पुढे जाण्याऐवजी चिखलातून निघाल्यासारखी जड जड निघाली, मध्यावर तिने उजवीकडे मोठा झोका घेतला. त्यांनी पाय काढला आणि शाळेत शिकवतात तशी, दोन्ही हातांनी, सावकाश, गाडी सरळ केली. आकडा त्यांनी पाहिलासुद्धा नाही. माईकवरचा माणूस, ज्याला सगळे भोंगा म्हणत, तो म्हणाला, "बाई आज फिरायला निघाल्या वाटतं!"

परत येऊन बाईंनी हवा मोजली. काटा पाहिला. काटा बिघडला असेल म्हणून दुसऱ्याचा मागून आणला. तोही तेच सांगत होता. टायरांत हवा नव्हतीच म्हणायची. आणि डावीकडच्या टायरची कड रिमखाली चेपून फाटली होती.

बाई ताठ उभ्या राहिल्या. भोवती नेहमीची मंडळी जमली होतीच, प्रत्येकाच्या चेहऱ्यावर काळजी.

"मी चहाला गेल्यावर," बाई वर्गात विचारावं तशा शांतपणे म्हणाल्या, "या टायरांतली हवा कुणी काढली? हात वर करा."

रेडिएटर दुरुस्त करणाऱ्या आप्पांनी हात वर केला. "जरासं वाल्व दाबलं. तूच म्हणालीस ना, जास्त आहे."

"ठीक. आप्पांनी. आणखी?"

गुरांच्या डॉक्टरांनी हात वर केला. डॉक्टर लॅपटॉप लावून सगळ्यांच्या इंजिनांचं पेट्रोल-हवेचं गणित जमवून द्यायचे. "मीही थोडीशीच काढली. आप्पांनी आधी काढली असेल, हे मला काय माहीत?"

"मला विचारायचं!" आप्पा म्हणाले.

"तुम्ही मला सांगायचं!"

मग दोघा वेल्डर भावांचे हात एकदम वर गेले. एकाने डावीकडची काढली होती, दुसऱ्याने उजवीकडची, आणि मग सारखी व्हावी म्हणून दोघांनी पुन्हा दोन्हीकडची. मागोमाग मागचाक्याचा हात वर गेला. त्याची गाडी मागच्या चाकांवर चालायची, म्हणून हे नाव. पुढची चाकं ओढणाऱ्या गाड्यांना तो गाडीच मानत नसे. "माझं मत तुम्हाला माहीतच आहे," तो म्हणाला. "पण मदत म्हणून काढली."

"तू सुद्धा?"

"अडचणीत असलेल्या माणसाला मदत करायला मत लागत नाही, बाई."

चष्म्याच्या दुकानात काम करणारी धाकटी, त्यांच्यात वयाने सगळ्यात लहान, तिने खाली बघत हात वर केला. "एकदाच फुस्स केलं, बाई. शप्पथ."

बाईंनी मोजायचं सोडून दिलं. तेवढ्यात मागून बांगड्या वाजल्या. वन्संचा हात वर होता.

"वन्सं!"

"अगं, तू म्हणालीस जास्त आहे. चष्मा घ्यायला गेले तेव्हा समोर दिसलं ते टायरचं टोपण. म्हटलं, घरचं माणूस असून आपण नुसतं बघत बसायचं?"

बाईंनी कपाळावर हात मारला. मग इतक्या वर्षांचं साचलेलं सगळं एकदम बाहेर पडलं. "मला कुणाची मदत नको! एकेक जण देवमाणूस आहात, मला मान्य आहे, पण सगळ्यांनी मिळून माझा जीव खाल्लाय. कुणी वाल्व दाबतं, कुणी बॉनेट उघडतं, कुणी काच पुसतं आणि आरसा फिरवून ठेवतं! एखादी फेरी मला माझ्या अकलेने मारू द्या. चूक होऊ दे, माझी होऊ दे. आता यापुढे या गाडीला कुणी हात लावायचा नाही. आणि कुणी एक अक्षर बोलायचं नाही. कळलं?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. कळलं होतं.

सगळे कुंपणाशी जाऊन ओळीत उभे राहिले. आप्पा टोपी हातात घेऊन, वेल्डर भाऊ खांद्याला खांदा लावून, वन्सं पदर सावरत. जणू शिक्षा झालेला वर्ग.

बाई फाटलेल्या टायरसमोर उकिडव्या बसल्या. अकलेने फेरी मारायची म्हणजे चाक तरी हवं. तसले मऊ टायर त्यांच्याकडे दोनच होते. एक गेला, म्हणजे फेरी गेली, म्हणजे गाडी गेली. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी बाहीने पुसलं, आणि बाहीचं ग्रीस गालाला लागलं.

कानावर जॅकचा कचकच आवाज आला. त्यांनी मान वळवली. धाकटी स्वतःच्या हिरव्या गाडीचं पुढचं चाक काढत होती. दोघींच्या गाड्या एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या. धाकटीची एक फेरी अजून बाकी होती. तिने पहिलं चाक काढलं, दुसरं काढलं, दोन्ही ढकलत आणून बाईंच्या गाडीपाशी आडवी ठेवली. गाडीला हात लावला नाही. तशीच माघारी जाऊन ओळीत उभी राहिली.

बाईंनी एकदा धाकटीकडे पाहिलं. त्यांनी चाकं बसवली, नट आवळले, काटा लावला, आणि थांबल्या. हे टायर वेगळे होते. यांची कड त्यांच्या टायरांपेक्षा जाड होती. आपल्या आकड्याला हे बसतील का जास्त कडक राहतील, काही सांगता येत नव्हतं. ते फक्त एकाच माणसाला माहीत होतं.

"धाकटे," बाई म्हणाल्या, "यांत हवा किती ठेवतेस?"

धाकटीने ओठ घट्ट मिटून मान हलवली.

"अगं, सांग ना."

धाकटीने आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी आभाळाकडे पाहिलं.

"बोलायचं नाही म्हणालीस तू," वन्संनी तोंडावर पदर धरून आठवण दिली. "मी बोलतेय, पण मी घरची आहे."

"वन्सं, तुम्ही गप्प बसा. धाकटे, तू बोल. एकटी तू."

"एकटी मीच?"

"एकटी तूच."

"कुणी मध्ये बोलणार नाही?"

"मी काय म्हणतो..." डॉक्टरांनी सुरुवात केली, आणि बाईंनी नुसतं पाहिलं. डॉक्टरांनी ते तिथेच गिळलं.

धाकटी पुढे आली, उकिडवी बसली, आणि हळूच आकडा सांगितला. बाईंनी ठरवला होता त्यापेक्षा बराच कमी. आयुष्यभर दुसऱ्याला शिकवलेल्या माणसाला असा आकडा ऐकून 'असं कसं' म्हणायची फार हुक्की येते. बाईंनाही आली. त्यांनी ती दाबली आणि तेवढीच हवा ठेवली.

शेवटची फेरी. खांबाचे दिवे खाली उतरत आले. हिरवा. चाकं घसरली नाहीत. इंजिन ओरडलं, नाक उठलं, पण रबराने जमीन सोडली नाही, आणि बुटकी पांढरी गाडी कुणीतरी पुढून दोरी ओढावी तशी निघाली. दुसरा गिअर, तिसरा. झोका नाही, धक्का नाही. बाईंना मध्येच हसू आलं. एकट्याच गाडीत मोठ्याने हसत त्या शेवटची रेघ ओलांडून गेल्या.

मग फलक दिसला. तेरा, आणि वर एक शतांश.

आतापर्यंतची सगळ्यात चांगली फेरी. आणि तेराच्या आत नाही.

परत येईपर्यंत त्यांनी मनाची तयारी केली होती. कबूल म्हणजे कबूल. आता सांत्वन करतील, पाठीवरून हात फिरवतील, तेही सोसायचं. पण मंडळींकडून सांत्वनाचा एक शब्द आला असेल तर शपथ.

"शतांश म्हणजे काय?" मागचाक्या तावातावाने म्हणत होता. "पापणी लवते ना, तिचाही तुकडा!"

वन्सं फेरीची वेळ मोजणाऱ्या घड्याळाच्या केबिनीकडे निघाल्या होत्या. "त्या पोराला विचारते, तुझं यंत्र पुढे आहे का मागे. बँकेतलं घड्याळही पुढे होतं. मीच सांगितलं तेव्हा लावलं त्यांनी."

"वन्सं, परत या. घड्याळ बरोबर आहे. मी शब्द दिलाय, गाडी उद्या शाळेत जाणार."

"जाऊ दे की," आप्पा म्हणाले. "ही गाडी जाऊ दे. माझ्या शेडमागे हीच गाडी पडलीय, नुसता सांगाडा. कोंबड्या बसतात आत."

"टर्बो तर तुमचाच, तो काही शाळेत जात नाही," डॉक्टर म्हणाले. "गणित मी नव्याने मांडतो."

"गाडी उलटली तर लागतो त्या आतल्या पिंजऱ्याचे पाइप आमच्याकडे आहेत," थोरला वेल्डर म्हणाला.

"तुझ्याकडचे वाकडे आहेत," धाकटा म्हणाला.

"माझं कुणी ऐकाल का?" बाई ओरडल्या. "मला नको दुसरी गाडी! माझ्याकडे वेळ नाही, जागा नाही, आणि तुम्हा सगळ्यांना पुन्हा एक मोसमभर सोसायची ताकद तर मुळीच नाही!"

"रंग कुठला द्यायचा?" मागचाक्याने विचारलं.

"पांढराच," आप्पा म्हणाले.

"पांढऱ्यावर ग्रीस दिसतं," वन्सं केबिनीच्या वाटेवरूनच ओरडल्या.

"आधी स्प्रिंगा कापाव्या लागतील," धाकटा वेल्डर म्हणाला. "पुढच्या."

बाई गरकन वळल्या. "पुढच्या? डोकं ठिकाणावर आहे का? पुढच्या कापल्यास तर भार... अरे, मागच्या बघायच्या आधी! कोंबड्या आत बसल्यात म्हणजे मागचा तळ गंजला असणार, तो आधी बघायला हवा. आणि माझ्या समोर बघायचा. मी असल्याशिवाय त्या सांगाड्याला कुणी..."

सगळे एकदम त्यांच्याकडे बघायला लागले. बाईंनी तोंड मिटलं, पण फार उशीर झाला होता.

"काय बघताय?" त्या खेकसल्या. "धाकटीची फेरी राहिलीय अजून, आणि तिची गाडी चाकांवाचून उभी आहे. जॅक आणा कुणीतरी. एकानेच आणा!"

पाच जण जॅक आणायला पळाले.