निळा रंग राहून गेला

मी दिवा बोलतोय. आहे चण्याएवढा, पण पोटात तीन रंग आहेत: लाल, हिरवा, निळा. फिनलंडमधल्या एका तळ्याकाठी, होड्या ठेवायच्या शेडवर, जुन्या कंदिलाच्या भिंगामागे मला बसवलंय.

बसवणारा एरिक्की, म्हातारा वायरमन. समोरच्या बेटावर त्याची थोरली बहीण तुओवी एकटी राहते. तळं गोठलं की ती घसरगाडी पायाने रेटत बर्फावरून ये-जा करते. तिच्यासाठीच माझा जन्म. बर्फात रोवलेली कांडी जाडी मोजते. शेडमधला कॉम्प्युटर ती वाचून सिरियलच्या तारेतून दर मिनिटाला एक अक्षर धाडतो. माझ्याशेजारचा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे माझा चिमुकला मेंदू, त्या अक्षराप्रमाणे मला रंग देतो. हिरवा म्हणजे जा, लाल म्हणजे थांब. दुसरं अक्षर येईपर्यंत तो पहिलाच रंग धरून बसतो.

"आणि निळा कशाला रे?" तुओवीने पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"तार गप्प झाली तर लागेल. तेवढा प्रोग्रॅम लिहायचा राहिलाय, ताई. उद्या करतो."

"तुझं उद्या मी लहानपणापासून ऐकतेय. पण तुझ्या डोक्यापेक्षा हा दिवा बरा. निदान पेटतो तरी!"

त्याला तीन हिवाळे झाले. निळा मी अजून पाहिलेला नाही.

आज एप्रिलमधला शनिवार. सकाळी हिरवं अक्षर आलं आणि तुओवी वेलचीचे पाव घेऊन आली. एरिक्कीच्या मोबाईलची बॅटरी संपली होती. त्याने कॉम्प्युटरमधून आमची तार उपटली आणि तिथे मोबाईल चार्जिंगला लावला.

"पाच मिनिटं," तो स्वतःशीच म्हणाला.

मग कॉफी झाली. शेजाऱ्यांची निंदा झाली. पुन्हा कॉफी झाली. बाहेर ऊन तापलं, बर्फ आधी करडा आणि मग काळपट दिसू लागला. बर्फ पातळ झाल्याचं कांडीला कळलं, कॉम्प्युटरलाही कळलं. मला कोण सांगणार? माझी वीज वेगळ्या तारेने येते, त्यामुळे मी विझलोही नाही.

तुओवी बाहेर आली. टोपी कानांवर ओढून तिने माझ्याकडे पाहिलं.

"हिरवा आहे. येते रे!"

बर्फावर उतरलं की मागे वळायचं नाही, हा तिच्या आईचा नेम. मागे बघणाऱ्याला तळं ठेवून घेतं म्हणे.

ती बरीच आत गेल्यावर एरिक्की मोबाईल घ्यायला उठला. लोंबणारी तार त्याला दिसली. त्याने ती परत खोचली. एक अक्षर आलं आणि मी लालभडक झालो.

"ताई! ए ताई! थांब!"

तो काठावर उभा राहून ओरडतोय. घसरगाडी पुढेच चाललीय. तिच्या पाठीवर माझा लाल उजेड पोचतही नसेल. दिवे करणाऱ्यांनो, गप्प तारेलाही एक रंग द्या, आजच द्या.

आणि तुओवी, आज तेवढा आईचा नेम मोड. एकदा मागे बघ.