मोतुपचे पाहुणे आणि आबीचे जव

यंदा आमच्या लडाखी गावानं मला चुरपोन केलं. म्हणजे हिमनदीचं पाणी कुणाच्या शेतात कधी सोडायचं, ते मी ठरवायचं. हा मान मिळालेल्या माणसाशी पेरणीपासून कापणीपर्यंत कुणी धड बोलत नाही, म्हणून मी तो आनंदानं घेतला.

जुलैत मोतुप आला तो तणतणतच, आजोबांना मारायची हाकही ओरडून मारत. "मेमे-ले, आबी कुन्झेस पाणी चोरते."

"पाहिलंस?"

"पाहायचं काय? पाट एक, पाळी एकाच दिवशी. माझे जव चौथ्या दिवशी माना टाकतात, तिचे आठव्या दिवशीही डोलतात. देव काय बांधाच्या त्याच बाजूला राहतो?"

पाणीचोरीला आमच्याकडे शिक्षा एकच, पुढची पाळी बंद. कणसं भरायच्या दिवसांत पाळी गेली, तर आबीनं हिवाळ्यात खायचं काय? मी त्याला घेऊन शेतावर गेलो. आबी, म्हणजे आमची आजीबाई, तण काढत होती.

पाणी देऊन सात दिवस झाले होते. मोतुपच्या शेतातली मूठभर माती उचलली, ती बोटांतून रेतीसारखी निसटली. बांध ओलांडून आबीची उचलली. काळीभोर, आणि दाबल्यावर चक्क लाडू वळला. वास कसलाच नव्हता, तरी मी हात धुतले.

आबी म्हणाली, "वर्षातले सहा महिने गोठलेली माती आपली. पाला कुजवायलाही तिला सवड नाही. तिला खायला घातलं, तरच ती पाणी धरते. तू चार वर्षांत काय घातलंस रे?"

चार वर्षांपूर्वी घरी उतरणाऱ्या पर्यटक पाहुण्यांसाठी मोतुपनं खत देणारा कोरडा संडास पाडून चकचकीत पांढरी भांडी बसवली होती. तेव्हापासून सगळा ऐवज पाण्याबरोबर खड्ड्यात जातो.

"पण आबी-ले, घरात तुम्ही एकट्या," तो म्हणाला. "एवढ्या शेताचं खत हे एका माणसाचं काम नाही!"

आबीनं नजर चुकवली. तेवढ्यात मोतुपचेच दोन पाहुणे आबीच्या घरातून, प्रसन्न चेहऱ्यानं, 'जुले जुले' असा नमस्कार करत बाहेर पडले.

"चहा पाजते मी त्यांना," आबी म्हणाली. "वर ओंजळभर सुके जर्दाळू. मग तुझ्या घरापर्यंत कळ निघत नाही बिचाऱ्यांची."

"बघा, चोरीच ही!"

"पाण्याची नाही," मी म्हणालो. "पाहुण्यांनी काय कुठं ठेवावं, ते चुरपोनच्या हातात नाही. आबीची पाळी कायम."

मोतुप आपल्या पिवळ्या जवांकडे बघत बसला. आबीला राहवलं नाही. "माझी पुढची पाळी तू घे. माझं शेत तग धरेल."

"आणि बदल्यात?"

आबीनं मोतुपच्या घराकडे नुसती मान उडवली.

आता रोज सकाळी मोतुप स्वतःच्या न्हाणीघरांना कुलपं लावून दारात उभा असतो. "पाईप फुटलाय, आबीकडे जा. तिथून डोंगरही छान दिसतात."

आबीच्या संडासाला खिडकी नाही. पण हे पाहुण्यांना सांगणं चुरपोनच्या कामात येत नाही.