सहा निळ्या पट्ट्या

मेंढीच्या मूत्राच्या नमुन्यात निळ्या लिटमस कागदाची पट्टी बुडवली, की ती तीन सेकंदांत लाल व्हायला हवी. मूत्र मुळात आम्ल नसतं. पण पिंजऱ्याखालच्या बादलीत आम्ही आधीच सौम्य आम्ल घालून ठेवतो, नाहीतर त्यातला नायट्रोजन अमोनिया होऊन हवेत उडून जातो. फ्रीझरमधल्या बारा नमुन्यांपैकी सहांत पट्ट्या लाल झाल्या. उरलेल्या सहांत मी पाच मिनिटं वाट पाहिली. निळ्या त्या निळ्याच राहिल्या.

ते सहाही नमुने कंपनीची नवी पूड चाऱ्यातून खाणाऱ्या मेंढ्यांचे होते.

पट्ट्या मी वहीत चिकटवल्या आणि वही कपाटात ठेवून कुलूप लावलं. त्याला आज आठ दिवस झाले.

चूक माझीच होती. दोन गटांच्या बादल्यांसाठी दोन मोठ्या बाटल्यांत मी पाणी भरलं, एकीत आम्ल ओतलं आणि तेवढ्यात दादाचा फोन आला. त्याची एक मेंढी विताना अडली होती. बोलून परत आले ती सरळ दोन्ही बाटल्यांवर चिठ्ठ्या लावायला बसले.

खाल्लेल्या प्रथिनांतल्या नायट्रोजनातून लेंड्यांतला आणि मूत्रातला वजा केला, की उरतो तो अंगी लागलेला. हवेत उडालेलाही मी अंगी लागलेलाच धरला होता. म्हणून तर पुडीमुळे प्रथिनं सव्वापट अंगी लागत होती. पचनात मात्र तिळाएवढाही फरक नव्हता. पाल तेव्हाच चुकचुकायला हवी होती.

"या, मास्तरीणबाई!" दुपारी आमच्या विभागप्रमुख सरांच्या खोलीत शिरले तर समोर दादा बसलेला. माझा थोरला भाऊ, साठ मेंढ्यांचा मालक. "तुझ्या पुडीची दोन पोती टेम्पोत चढली पण."

"कुणी दिली?"

"मीच," सर म्हणाले. "चाचणीतली उरलेली. घरच्या माणसाला नाही द्यायची तर कुणाला? बसा. तीन वाजता कंपनीचे लोक येतायत. शेवटच्या पानावर तुमची सही तेवढी राहिलीय."

त्यांनी अहवाल माझ्यापुढे सरकवला. त्यावर पेनही ठेवलं. भिंतीवरच्या घड्याळात तीनला वीस मिनिटं होती.

"उद्यापासून पेंड निम्म्यावर आणतो," दादा म्हणाला. "नाहीतरी धड मिळत नाहीये. चाळीस जणी गाभण आहेत, महिन्याभरात विणार. तुझी पूड आहे म्हणून बिनघोर आहे बघ."

शेवटच्या महिन्यात पोटातलं कोकरू आईच्या अंगातून प्रथिनं ओढून घेतं. पेंड निम्मी केली तर आधी मेंढ्यांच्या पाठीचं हाड हाताला लागेल, मग दूध आटेल, मग कोकरं जातील. हे मीच त्याला कधीतरी शिकवलं होतं.

"निम्मी नको. थोडी थोडी कमी कर," मी म्हणाले.

"का गं? कागदावर सव्वापट, आणि तोंडाने थोडी थोडी? आमच्या वेळीच बरी तुला काटकसर सुचते!"

सर हसले. चहाचे कप उचलायला आलेले गोठ्यातले काकाही हसले. जाता जाता दाराशी थांबून म्हणाले, "पूड जालीम आहे पण, बाई. त्या सहाजणींच्या बादल्या धुताना डोळ्यांतून नुसतं पाणी यायचं. या बाजूच्या सहांना वाससुद्धा नाही."

सरांचं हसू ओठांवरच राहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बाहेर कुणीतरी टेम्पोचा मागचा फाळका लावल्याचा आवाज आला.

"डोळ्यांतून पाणी?" सरांनी हळूच विचारलं. "आम्ल असताना?"

दादा एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होता. "काय झालं? काही बोलाल का कुणी?"

मी पेन उचललं, त्याला टोपण लावलं आणि अहवालावरून बाजूला ठेवलं.

"दादा, पोती उतरव. पेंड मूठभरही कमी करू नकोस. सर, त्या सहा बादल्यांत आम्ल नव्हतं, नुसतं पाणी होतं. ते माझ्या हातून झालं, आणि आठ दिवस मला ते माहीत आहे. हा निकाल मी मागे घेतेय."