चिमीच्या भाताचा काटा

मित्रांनो, मी ओट्यावरचा एक जुना वजनकाटा आहे आणि आधीच सांगून ठेवतो, सध्या माझं डोकं फिरलेलं आहे.

कारखान्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, एखाद्या केकवाल्याकडे चैनीत राहीन. आलो चिमीच्या घरी. ती दहा दिवसांची असताना डॉक्टरीणबाईंनी आईबाबांना समजावलं होतं, "अन्नातली प्रथिनं अमिनो आम्लांची बनलेली असतात. त्यातलं फेनिलअ‍ॅलॅनिन हिच्या शरीराला नीट मोडता येत नाही. ते रक्तात साठलं की मेंदूला इजा करतं. तुम्हा दोघांकडून एकेक सदोष जनुक आलंय. यात चूक कुणाचीच नाही."

म्हणून चिमीला डाळी, अंडी, चीज बंद. भात-बटाटासुद्धा मोजून. वाढीसाठी उग्र वासाच्या औषधी पावडरीचं पेय. नऊ वर्षं मी तिचा घास न् घास इमानाने मोजला. आणि माझी कदर काय? बाबा माझ्यावर फोन ठेवतात, आजोबा चष्मा. आत्याने तर एकदा गरम कढई टेकवली!

मध्यंतरी बाबांनी कहर केला. माझ्यावर ताट ठेवून मसूर निवडत बसले. एक दाणा घरंगळला आणि माझ्या ताटलीखाली अडकला. आता थोडा भार तोच पेलू लागला. सत्तर ग्रॅम भात ठेवला तरी मी पन्नास दाखवायचो. आई पन्नास भरेपर्यंत वाढायची आणि चिमीच्या पोटात सत्तर जायचे. मला ओरडायला तोंड आहे कुठे?

तीन आठवड्यांनी रक्ताचा रिपोर्ट आला. आकडा चांगलाच चढलेला. चिमीचं वर्गात लक्ष लागेना, साध्या बेरजा चुकायला लागल्या.

"खरं सांग, कुणाच्या डब्यातलं खाल्लंस?" आईने विचारलं.

"नाही गं, आई. शप्पथ."

"मग रिपोर्ट खोटं बोलतो का?" बाबा गरजले.

"पोरच ती, जीभ चाळवली असेल," आत्या म्हणाली.

झालं! फ्रिजला कुलूप. चार मोठी माणसं, पण एकालाही मला तपासावंसं वाटलं नाही. काट्यावर आंधळा विश्वास आणि पोरीवर काडीचा नाही!

शेवटी चिमीच तणतणत आली. तिने पावडरचं न फोडलेलं पाकीट माझ्यावर आपटलं. वर छापलं होतं, पंचवीस ग्रॅम. मी दाखवले अठरा.

"आई, बघ. यातलं पण मीच चोरून खाल्लं का?"

आईने मला उलटं करून झटकलं. दाणा टपकन ओट्यावर पडला. आई तिला जवळ घ्यायला गेली, तर चिमी मागे सरकली. म्हणाली, "आधी ते कुलूप काढ."

पुढचा रिपोर्ट खाली आला. बाबांनी कान धरून माफी मागितली. पण चिमी अजूनही जेवण झालं की, कुणी विचारलेलं नसताना सांगते, "मी दुसरं काही खाल्लं नाही हं." ते ऐकलं की माझा असा संताप होतो!

मित्रांनो, मला रोज पुसा. माहीत असलेलं वजन ठेवून महिन्यातून एकदा तपासा. आणि पोर "नाही" म्हणाली, तर आधी संशय माझ्यावर घ्या. मला त्याचं काही वाटत नाही. तिला वाटतं.