सेकंदाला बावीस मीटर

नसांतून संदेश किती वेगाने धावतो ते मोजणाऱ्या त्या तंत्रज्ञाला अख्खं हॉस्पिटल पाठीमागे करकोचा म्हणायचं. पोटऱ्या काटकुळ्या, तळवे कमानदार, चालताना गुडघे उगाचच वर. हे नाव त्याच्या कानावर होतं, आणि लोकांना दुसरे उद्योग नाहीत असं त्याचं ठाम मत होतं. पेशंट घाबरला की तो आधी स्वतःच्या हाताला विजेचा हलका झटका देऊन दाखवायचा. स्वतःचा वेग मात्र कधी मोजला नव्हता. धडधाकट माणसाचं काय मोजायचं?

नवं यंत्र आलं तेव्हा बसवायला आलेल्या इंजिनिअरने चाचणीसाठी एक निरोगी हात मागितला. करकोच्याने तोऱ्यात बाही वर सरकवली. पडद्यावर आकडा उमटला, सेकंदाला बावीस मीटर. हवा होता पन्नासच्या आसपास. त्याने यंत्राची अक्कल काढली, हात गार असेल म्हणून गरम पाण्यात बुडवला, तारा बदलल्या. पुन्हा बावीस. इंजिनिअरचा हात लावला, चोपन्न. मग त्याने आपला दुसरा हात तपासला, पायही तपासले. सगळीकडे तोच रटाळ कारभार.

याचा अर्थ त्याला ठाऊक होता. नस एखाद्या जागी दबली तर तेवढ्याच जागी वेग मंदावतो. सगळीकडे सारखाच मंद, म्हणजे नसांवरचं मायेलिनचं वेष्टणच मुळात बिघडलेलं, जनुकांतून आलेलं. काटकुळ्या पोटऱ्या, कमानदार तळवे, ती चाल, सगळं त्यातलंच. ते पुढे मुलांत उतरायची शक्यता निम्मी. त्याला एकच मुलगी, एकोणीस वर्षांची, सपाट जमिनीवर अडखळणारी. ती चालायला लागली तेव्हापासून तो तिला वेंधळी, आळशी म्हणत आला होता.

महिन्याभराने दोघांच्या रक्ताचे रिपोर्ट आले. त्याने ते जेवणाच्या टेबलावर ठेवले आणि एका दमात सांगून टाकलं. मायेलिनमधल्या एका प्रथिनाच्या जनुकाच्या दोन प्रती पुरतात, या बापलेकीकडे तीन निघाल्या होत्या.

"म्हणजे कमी काही नाही, उलट जास्तच आहे," लेक म्हणाली. मग रिपोर्ट बाजूला सारून तिने विचारलं, "आणि मी वेंधळी नाही?"

"नाहीस. चुकलं माझं."

तिने रिपोर्ट पुन्हा पुढे ओढले.

"तुला असं कोणी बोलायचं का रे, बाबा?"

"माझा बाप. पाय आपटत चालतो म्हणून झोडपायचा."

"आणि ते स्वतः कसे चालायचे?"

तो खुर्ची सरकवून उठला. बापाला आठवत, त्याची हुबेहूब नक्कल करायची म्हणून खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत गेला. वेगळं काही करावंच लागलं नाही.