दोरीवर घरचाच माणूस

माह्या सायकल दुकानात जेवढे लोक हवा भराले येतात तेवढेच हॉकीवर बोलाले येतात, अन् त्यातल्या कोणाले माह्यापेक्षा जास्त समजते असं मले वाटत नाई. हे मी घमंडीनं नाई सांगून राह्यलो. कुरखेड्याच्या कॉलेजात जेवढ्या पोरी हॉकी खेळतात, त्यांच्या सगळ्यांच्या स्टिकच्या मुठीले माह्या हातची जुनी ट्यूब गुंडाळलेली हाय. पावसात बी हात घसरत नाई.

यंदा आमच्या पोरींची टीम पहिल्या चार मॅच हारली. चारच्या चार. एकीत तर सात गोल खाल्ले. देवरावभाऊ एस.टी.चे रिटायर कंडक्टर, रोज सकाळी माह्याच बाकड्यावर बसून पेपर वाचतात. ते म्हणाले, "बाबूभाई, ही टीम डेपोत लावून टाका. पुढं जात नाई ही गाडी." मले असा राग आला का मी त्यांच्यासाठी सांगितलेला चहा परत पाठवला.

मंग पाचव्या मॅचले खेळाच्या प्रिया मॅडमनं शालिकरामभाऊच्या रिंकूले गोलात उभी केली. तोपर्यंत ही पोट्टी बाकीच्यांच्या पाण्याच्या बाटल्या भरत होती. शालिकराम तलावावर मासोळ्या धरणारा माणूस, बोलणं कमी, हसणं त्याहून कमी. पोरगी बी तशीच. पण गोलात उभी राह्यली अन् एक बॉल आत जाऊ देईल तर शप्पथ. पाचवी मॅच आम्ही एक-शून्यनं जिंकलो. सहावी आरमोरीले दोन-एकनं जिंकलो, अन् तीत शेवटच्या मिनिटाले तिनं पेनल्टी स्ट्रोक अडवला. मी तिथी होतो. दुकान बंद करून गेलो होतो, अन् घरी येऊन बेगमच्या शिव्या खाल्ल्या.

आता एकच मॅच उरली होती, गडचांदूरच्या टीमसंगं, आपल्याच ग्राउंडवर. जिंकलो तर आठ टीममधी चौथा नंबर, अन् पहिल्या चार टीम चंद्रपूरले सेमीफायनल खेळणार. बरोबरी झाली तरी खेळ खतम. देवरावभाऊनं तिकिटाच्या जुन्या पुठ्ठ्यावर सगळा हिशोब मांडला होता अन् तो खिशात घेऊन फिरत होते. टीम डेपोत लावा म्हणणारा हाच माणूस, आता कोणी विचारो न विचारो, पुठ्ठा काढून दाखवे.

सोमवारी दुकानात याच्यावरच वाद पेटला होता का टीम सुधारली कोणामुळं. देवरावभाऊ म्हणत, मॅडमनं संघप्रियाले पुढं खेळवलं म्हणून. आमची बेगम जरीना दुकानाच्या दुसऱ्या अर्ध्यात शिलाई मशीन चालवते. ती मान वर न करता म्हणाली, "रिंकूचे पॅड कोणी शिवले ते सांगा आधी. जुनी गादी फाडून शिवले मी. त्याच्या आधी पोट्टी बॉलले भीत होती." मी म्हणलं, "तुमचं दोघांचं राहू द्या. ती नजर पाह्यली का तिची?"

तेवढ्यात शालिकरामभाऊच आला. समोरचं चाक पंक्चर. मी चाक काढलं, पंक्चर जोडलं, चाक परत बसवलं. एका बाजूचा नट कसला. दुसरा नट हातात घेतला अन् सहज म्हणलं, "आरमोरीले तुमच्या पोरीनं काय केलं माहीत हाय का?"

तो आजपर्यंत एक मॅच पाहाले गेला नव्हता. मॅच असली का त्याची पाळी नेमकी तलावावर असे. तो पुढं सरकून उकिडवा बसला. "थांबा भाऊ," म्हणे. "आधी ते सांगा."

मंग काय, मी उभाच झालो. स्टिक म्हणून हवेचा पंप घेतला. आरमोरीची पोरगी कशी आली, कुठी पाह्यलं, रिंकू कशी हलली नाई अन् शेवटी डावा पाय कसा टाकला, सगळं करून दाखवलं. देवरावभाऊ मधी मधी चुका काढत होते, ते तिथी नसूनसुद्धा. शालिकरामच्या तोंडावर मी पहिल्यांदा दात पाह्यले. "घरी गिरजाले सांगतो," म्हणाला, उठला, सायकलवर टांग मारली अन् गेला बी.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऐकलं का नाल्याच्या रपट्यावर, त्या ठेंगण्या पुलावर, त्याचं समोरचं चाक निघालं अन् तो पडला. उजवा हात मोडला. प्लास्टर लागलं.

माह्या नट ठेवायच्या जर्मनच्या वाटीत एक नट होता. वाटीत दहा नट असतात. पण मी पस्तीस वर्षं हे काम करून राह्यलो, मले कोणता नट कुठला ते कळते. जरीनानं माह्या तोंडाकडं पाह्यलं, मंग वाटीकडं, अन् मशीन थांबवली. "जाऊन सांगा त्याले," ती म्हणाली. मी म्हणलं, सांगतो. अन् नाई गेलो. सगळ्या गावाले हॉकी शिकवणाऱ्या माणसाले चार पावलं चालून एक वाक्य बोलता नाई आलं. लाज वाटते सांगाले, पण असंच झालं.

शुक्रवारी रिंकू दुकानात आली. स्टिक घेऊन नाई, हातात पॅड घेऊन. जरीनापुढं ठेवले अन् म्हणाली, "चाची, हे मॅडमले देऊन द्या. मी रविवारी नाई खेळत."

देवरावभाऊच्या हातातला पेपर खाली पडला.

गोष्ट अशी होती का रविवारी मोठा तलाव होता. म्हणजे सालातून एकदा मोठं जाळं पडते, सगळी मासेमार मंडळी मिळून ओढतात. त्यांचा नियम असा का प्रत्येक घरचा एक माणूस पाण्यात दोरीवर अन् एक काठावर मासोळ्या निवडाले. दोरीवर माणूस नाई देला, तर त्या घराचं नाव सालभर तलावातून कटते. शालिकरामचा हात गळ्यात. मोठा पोरगा निकेश मिरची तोडाले तेलंगणात. बायको गिरजाबाई काठावर. उरली कोण? रिंकू. अन् मॅच त्याच दिवशी, त्याच वेळेले. बर्फाची गाडी ठरलेली, बाहेरगावची टीम ठरलेली, दोन्ही तारखा हलणाऱ्या नव्हत्या.

रिंकू रडली नाई. रडली असती तर बरं झालं असतं. जरीना माह्याकडं पाहत होती अन् मी जमिनीकडं.

मी उठलो, वाटीतला नट उचलून खिशात टाकला अन् सरळ शालिकरामच्या आंगणात गेलो. तिथी लच्छू बसला होता, मासेमारांचा पुढारी, रविवारची यादी घेऊन. मी सांगाले एक गेलो अन् बोललो दुसरंच. म्हणलं, "रिंकूच्या जागी दोरीवर मी उभा राहतो."

लच्छू हसला. "बाबूभाई, तुम्ही कवा गुडघ्याच्या वर पाण्यात गेले काय?"

"आता जातो."

"तसं नाई होत ना. घरचा माणूस पाह्यजे. आज तुम्ही याल, उद्या कोणी मजूर धाडील, मंग नियम कायचा राह्यला?" तो शालिकरामकडं वळला. "तूच सांग. हा तुह्या घरचा हाय का?"

शालिकराम माह्याकडं पाहत राह्यला. माह्या खिशात तो नट असा जड झाला का पायजमा सुटते का काय असं वाटलं. मंग तो म्हणाला, "घरचाच हाय. लिहा."

लच्छूनं लिहिलं. मी परत आलो, पण खिशातला नट खिशातच राह्यला.

रविवारी सकाळी मी तलावावर गेलो. तलाव अन् कॉलेजचं ग्राउंड यांच्या मधी फक्त तलावाची पाळ हाय, दोन माणूस उंच. तिकडचं ऐकू सगळं येते, दिसत काईच नाई. साऱ्या सालात ज्या मॅचची वाट पाह्यली, ती पाळीच्या पलीकडं होणार होती अन् मी अलीकडं छातीभर थंड पाण्यात.

काठावर गिरजाबाई टोपल्या घेऊन आली, सायकलवर बांधून. तीच सायकल. समोरच्या चाकाच्या एका बाजूले नट होता अन् दुसऱ्या बाजूले तार गुंडाळलेली होती. म्हणजे त्यांनी पाह्यलं होतं. त्यांनी ती सायकल माह्याकडं आणली नाई अन् दुसऱ्या कोणाकडं बी नेली नाई. थंडी मले तवा वाजली, पाणी नंतर.

"दोरी छातीशी धरा," लच्छू म्हणाला. "अन् काई झालं तरी सोडू नका. एकानं सोडली का जाळं खालून उचलते अन् मासोळी पळते."

शालिकराम गळ्यात हात अडकवून पाळीवर उभा होता. मी त्याले वरडून म्हणलं, "इथी काऊन उभे हा? जा ना मॅच पाहाले. तुमचा माणूस हाय ना इथी." तो गेला. आयुष्यात पहिल्यांदा.

देवरावभाऊ पाळीच्या डोक्यावर चढले. तिथून त्यांले दोन्हीकडचं दिसे. बस थांब्यावर गावांची नावं सांगावी तसं ते सांगू लागले. "सुरू झाली. गडचांदूरचा बॉल. संघप्रियानं घेतला. गेला." दोरीवरचे सगळे ऐकत होते. माह्या बाजूले नथ्थू होता, त्यानं जन्मात हॉकी पाह्यली नव्हती. तो विचारे, "मंग आता आपलं काय?" मी ओढता ओढता सांगे. बरं वाटे. पाय चिखलात, हात सोलून निघालेले, पण तोंड चालू होतं तोपर्यंत मी ठीक होतो.

"गोल," देवरावभाऊ म्हणाले. "त्यांचा."

दोरी एकदम जड झाली. नथ्थू म्हणाला, "रिंकूनं काऊन नाई अडवला?" मी त्याच्यावर असा खेकसलो का तो पाण्यात दोन पावलं मागं सरला. "पाठीमागून येणारा बॉल तुह्या बापाले दिसते काय?" मले बी तो गोल दिसला नव्हता, पण माहीत होतं.

तासभर ओढल्यावर पलीकडून एकदम कल्ला झाला. संघप्रियानं फेडला होता. एक-एक. पण बरोबरी आपल्या काय कामाची? जाळं जवळ येऊन राह्यलं होतं, पाण्यात रोहू उसळू लागले होते. लच्छू म्हणत होता, सावकाश. देवरावभाऊ म्हणत होते, पाच मिनिट. मले कळत नव्हतं कोणाचं ऐकू.

मंग पाळ हलली म्हणावं असा आवाज झाला. "दोन-एक," देवरावभाऊ वरडले, "आपले दोन," अन् त्यांच्यानं राहावलं नाई, ते पलीकडं उतरून गेले. आमचा सांगणाराच गेला. साठ वर्षांचा माणूस, गुडघे दुखतात म्हणे.

पलीकडं अचानक शांत झालं. ही शांतता मी ओळखतो. पेनल्टी कॉर्नर लागला का असं होते, अन् आपल्याले मिळाला असता तर लोक असे गप नसते बसले. म्हणजे त्यांले मिळाला होता. शेवटचा मिनिट. पाळ माह्यापासून वीस पावलं होती. दोरी सोडली असती तर मी पोहोचलो असतो. माहा एक हात सुटला बी.

लच्छूनं पाह्यलं. मी तारेकडं पाह्यलं, त्या चाकाच्या, अन् हात परत दोरीवर ठेवला. डोळे मिटले अन् ओढत राह्यलो.

कल्ला झाला. कोणाचा ते समजेना. शिटी वाजली. नथ्थू विचारून राह्यला होता, "मंग आता आपलं काय?" अन् जिंदगीत पहिल्यांदा मले हॉकीतलं काई माहीत नव्हतं.

जाळं काठाले लागलं. चंदेरी मासोळ्यांचा ढीग तडफडत होता अन् सगळे त्यावर वाकले होते. मी तसाच ओला उभा होतो. तवा पाळीवर शालिकराम दिसला. गळ्यातला हात सुटला होता, प्लास्टर हवेत, अन् हा गुमसुम माणूस धावत खाली येत होता. त्याच्या मागं रिंकू, गादीचे पॅड फटफट वाजवत, तिच्या मागं जरीना, देवरावभाऊ अन् सगळी टीम.

"चंद्रपूर," तो म्हणाला. दम लागला होता. "चंद्रपूरले जातो आपण. भाऊ, तुम्ही पाह्यलं पाह्यजे होतं. कॉर्नर लागला. तीन पोरी समोर. पोट्टीनं..."

मी खिशातून नट काढला अन् त्याच्यापुढं धरला. या खेपेले बोललो. "तुमचा हात माह्यामुळं मोडला. हा मी लावलाच नव्हता."

त्यानं नटाकडं पाह्यलं बी नाई. "माहीत हाय ना. तुमच्या हातातच होता. मीच म्हणलं, थांबा, आधी ते सांगा." अन् लगेच पुढं, "तर कॉर्नर लागला..."

"थांबा," मी म्हणलं.

चड्डीच्या खिशात पाना होता, सकाळपासून संगं पाण्यात होता. मी सायकलपाशी बसलो, तार सोडली, नट बसवला. ओल्या हातातून पाना दोनदा घसरला. कसला. चाक धरून हलवून पाह्यलं, मंग आणखी एक आटा कसला. रिंकू, शालिकराम, देवरावभाऊ, सगळे भोवती गोळा झाले.

मंग मी चिखलातच उकिडवा बसलो अन् त्याच्याकडं पाह्यलं.

"हां. आता सांगा."