शिबिरातली ओटी

रंजिताच्या घरी कपाटाचा एक कप्पा नुसत्या शालींनी भरला होता. ज्या गावात कायद्याचं शिबिर, त्या गावात शाल आणि नारळ. नारळाची चटणी व्हायची, पण शालींचं काय करायचं हे कुठल्याच कायद्यात लिहिलेलं नव्हतं. पनवेल कोर्टात ती गोरगरिबांचे आणि बायकांचे दावे विधी सेवा समितीतर्फे फुकट चालवायची, आणि रविवारी समितीच्याच वतीनं गावोगाव जाऊन 'तुमचे हक्क' या विषयावर बोलायची. बोलून बोलून घसा बसला होता आणि उत्साह घशाच्याही आधी बसला होता. कारण भाषणानंतर "कुणाला काही विचारायचंय का?" म्हटलं की सगळं गाव आपापल्या चपलांकडे बघायचं. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण ज्यानं काढली तो एकदा तिला भेटायला हवा होता. तिच्या मते तो कुणातरी बहिणीचा भाऊ असणार.

त्या रविवारचं शिबिर कोन गावाच्याही पलीकडच्या एका खेड्यात होतं. हॉल बळीराम शेठचा, खुर्च्या बळीराम शेठच्या, चहा-वडाही त्यांचाच. समितीला हॉल देणारा कुणीतरी लागतो, आणि गावात हॉल असतो कुणाकडे? ज्याच्याकडे जमीन असते त्याच्याकडे. म्हणजे चोराच्याच हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. हे रंजिताच्या मनात आजवर कितीदा तरी आलं होतं. पण खुर्च्या कुणीतरी मांडायलाच हव्यात, म्हणून ती गप्प बसत आली होती.

"वाडवडिलांच्या जमिनीत मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे," ती माइकवर म्हणाली. पहिली टाळी बळीराम शेठनीच वाजवली. मग गावानं वाजवली. प्रश्न कुणी विचारला नाही. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय.

शेवटी सत्कार. शेठच्या हातून शाल झाली. बाई पाहुणी असली की तिची ओटी भरायची रीत, तेव्हा शेठ माइक हातात घेऊन म्हणाले, "वकीलबाईंची ओटी माजी बहीन वेणू भरंल. आमच्याकडं बहिनीचा मान पयला." परत टाळ्या पडल्या.

वेणू मागच्या रांगेतून उठून आली. पन्नाशीची, उन्हानं रापलेली, हातात ताट. रंजितानं पदर पुढे केला. वेणूनं खण ठेवला, नारळ ठेवला, आणि तांदळाची ओंजळ सोडताना अशी वाकली की तिचं कपाळ रंजिताच्या खांद्याला लागलं.

"बाय, उद्या माजी सही घेनार हायत," ती पुटपुटली. "जमिनीवरचा हक्क सोडला म्हनून. करू का?"

सगळ्या शिबिरांत मिळून रंजिताला खरा म्हणावा असा हा एकच प्रश्न आला होता, आणि तो विचारायला त्या बाईला ओटीचा आडोसा घ्यावा लागला होता. समोर फोटोवाला उभा होता. रंजितानं हसू तसंच ठेवलं.

"नका करू. उद्या कोर्टात या, माझं नाव विचारा."

वेणूनं तिला कुंकू लावलं आणि ती जाऊन परत मागच्या रांगेत बसली.

सोमवारी दुपारी एक सुनावणी आटोपून रंजिता समितीच्या खोलीकडे आली, तर बाहेरच्या बाकावर वेणू. कालचंच लुगडं. शेजारी एक बोचकं.

"सही नाय केली," वेणू म्हणाली.

रंजिताला मनापासून आनंद झाला. कुणीतरी ऐकलं होतं. तिनं वेणूचा हात हातात घेतला. "फार चांगलं केलंत."

"हां," वेणू म्हणाली. "आता मी जाव कुठं?"

मग हळूहळू सगळं निघालं. नवऱ्यानं टाकल्यापासून वेणू भावाच्या मागच्या पडवीत राहत होती. त्याच्या घरची धुणीभांडी, शेवटी शेवटी आईची उस्तवारी, सगळं तिनं केलं होतं. सकाळी तिला सहीला न्यायला गाडी दाराशी लागली, ती बसली नाही. बळीराम ओरडला नाही की हात उगारला नाही. त्यानं फक्त पडवीला कुलूप घातलं आणि गाडीत बसून निघून गेला. भावजयीनं बोचकं बाहेर आणून ठेवलं, वर दोन भाकऱ्याही बांधून दिल्या.

रंजिता खाली बसली. कालच्या भाषणात वाटा होता, हक्क होता, कलमं होती. बाईनं रात्री पाठ कुठं टेकायची, हे तेवढं नव्हतं. आणि ओटी भरून घेताना तिनं सल्ला दिला तो दोन शब्दांचा. बिनचूक होता, त्याबद्दल वादच नाही.

भावाच्या घरात राहणाऱ्या बहिणीला असं बाहेर काढता येत नाही, त्यालाही कायदा आहे. रंजितानं तिथंच अर्ज लिहिला, त्यावर वेणूची सही घेतली, धावतपळत दाखल केला. न्यायाधीशांनी वाचला. भावाला नोटीस काढा म्हणाले. तारीख पुढच्या आठवड्यातली. आधारगृहात फोन केला, तर तिथं सरकारी चिठ्ठी लागत होती आणि चिठ्ठी देणारे साहेब दौऱ्यावर होते. शिपायानं खिडक्या लावून घेतल्या आणि खोलीला कुलूप घातलं. वेणू ते कुलूप लागेपर्यंत बघत राहिली.

"चला," रंजिता म्हणाली. वकिलानं अशिलाला घरी नेऊ नये, हे तिला कॉलेजपासून पाठ होतं. पण आज ते आठवायचंही त्राण तिच्यात नव्हतं.

खांदा कॉलनीतल्या तिच्या घरात कालची शाल अजून खुर्चीवरच पडली होती. वेणूनं तिच्यावरून हात फिरवला.

"ही मीच आनली बाजारातून. बळीनं धाडलेली मना. म्हनला, चांगलीशी बघ, वकीलबाई येनार हाय."

"मग आज तुम्हीच पांघरा."

वेणूनं खरंच ती अंगाभोवती घेतली. दोघी चहा पीत बसल्या. तेवढ्यात समितीतून फोन आला. येत्या रविवारी तळोज्याकडच्या गावात शिबिर, विषय तोच, मॅडम येणार ना?

"हॉल कुणाचा आहे?" रंजितानं इतक्या वर्षांत पहिल्यांदाच विचारलं.

पलीकडून एका शेठचं नाव आलं. फार सज्जन माणूस, जेवणसुद्धा देणार आहेत.

फोन स्पीकरवर होता. वेणूनं सगळं ऐकलं, बशीतला शेवटचा घोट घेतला आणि म्हणाली, "जा तुमी. फकस्त त्यांना आदीच सांगून ठेवा, इचारनाऱ्या बाईनं बोचकं बांधूनच यावं."

"हॅलो? मॅडम, नाव टाकू ना?" फोनमधला आवाज विचारत होता.